ठेक्यात जागा देणे आहे

लालबाग-परळमध्ये रिकामी जागा ही वस्तू सहसा सापडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा निघतो, पोटमाळ्याखाली कॉट, कॉटखाली ट्रंका आणि ट्रंकांच्या मागे बंदी येण्याआधीचे थर्माकोलचे मखर. जिन्याखाली इस्त्रीवाला, गॅलरीत माणूस, माणसाच्या डोक्यावर वाळत घातलेला लेंगा. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ काढली ती याच मंडळींनी. अशा मुलखात वाढलेल्या पोराला सांगावे, की बाबा रे, मधोमध भरपूर मोकळी जागा राहील असा ठेका बनव आणि ती जागा शेवटपर्यंत भरू नकोस. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

टर्नटेबलवर स्क्रॅच करणाऱ्या डीजेंसाठी बीट बनवणे हा उद्योग मात्र पूर्णपणे मोकळ्या जागेवर चालतो. एका टर्नटेबलवर ठेका वाजत असतो. दुसऱ्यावरची तबकडी डीजे एका हाताने मागेपुढे घासतो आणि दुसऱ्या हाताने मिक्सरवरचा क्रॉसफेडर उघडतो-मिटतो. त्यातून जे ‘विकी-विकी, फ्र्र्र, च्याक’ निघते, ते मुख्य कलाकार. ठेका बनवणाऱ्याने गायकाची, बासरीची, व्हायोलिनची जागा मुद्दाम सोडून द्यायची. म्हणजे ठरवून अर्धवट माल काढायचा आणि अर्धवट आहे म्हणूनच त्याची वाहवा व्हायची. गिरणगावात अर्धवट काम करून देणारे कारागीर पुष्कळ झाले, पण त्याबद्दल शाबासकी मिळाल्याचे ऐकिवात नाही.

या कलेच्या जन्मात एका आईचा हात आहे. १९७५च्या सुमारास न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात थिओडोर लिव्हिंग्स्टन नावाचा पोरगा घरात मोठ्याने रेकॉर्ड लावून बसला होता. आई दारात आली आणि आवाजावरून झापू लागली. ती काय म्हणते ते ऐकायला त्याने फिरती तबकडी हाताने धरली आणि बोलणी खाता खाता हात मागेपुढे होत राहिला. कानावर जे पडले ते त्याला आवडले. पुढे तो ग्रँड विझर्ड थिओडोर या नावाने प्रसिद्ध झाला. आईचे पुढे काय झाले याची संगीताच्या इतिहासाने दखल घेतलेली नाही.

हा शोध खेतवाडीत लागणे कठीण होते. एक तर इथली आई दारात थांबत नाही. ती आत येते, प्लग काढते आणि तो पदराला पुसत असतानाच दहावीच्या मार्कांचा विषय काढते. दुसरे म्हणजे तबकडीला बोट लावणे हा मराठी घरात गंभीर गुन्हा होता. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या लाखेच्या. हातातून निसटली की नाट्यपदाचे सात तुकडे. पोलादी पिनही वरचेवर बदलायची, आणि पिनांची डबी वडिलांच्या ताब्यात. पिन अडकून गवई एकाच हरकतीवर घुटमळू लागला, की घरातला थोरला माणूस उठायचा, साऊंडबॉक्स अलगद उचलून पुढे ठेवायचा आणि जणू आपल्याकडूनच आगळीक झाली अशा चेहऱ्याने परत बसायचा. ब्राँक्सच्या पोरांनी अडकलेल्या पिनेचाच कार्यक्रम केला आणि तिकीट लावले.

तरीही ही कल्पना मुंबईकराला अगदीच परकी नाही. दादरच्या कुठल्याही तबल्याच्या क्लासात डोकावले, तर कोपऱ्यात पेटीवर एक माणूस बसलेला दिसतो. तो लेहरा धरतो. सोळा मात्रांची एक सुरावट, तीच ती, तीच ती, पाऊण तास. तबलजी तिच्यावर पेशकार मांडतो, कायदे उलगडतो, रेले सोडतो, तिहाई घेऊन समेवर येतो आणि टाळ्या घेतो. लेहरेवाल्याने मध्येच हौस म्हणून एखादी मुरकी घेतली, तर तबलजी जो कटाक्ष टाकतो त्याने पेटीचा भाता बंद पडावा. स्क्रॅचचे बीट म्हणजे हाच लेहरा, फक्त कामे उलटी वाटलेली. तिथे सूर स्थिर राहतो आणि ताल खेळतो. इथे ताल स्थिर राहतो आणि एक विचित्र, अर्धा सूर-अर्धा खरखराट असलेला आवाज खेळतो. दोन्हीकडे एक माणूस हयातभर ‘साथीला’ म्हणून ओळखला जातो.

आता या लेहऱ्यात घालायचे काय? फार काही नाही, आणि तिथेच खरी गोम आहे. लय साधारण मिनिटाला ८० ते १०० ठोक्यांची, कारण फार जलद लयीत हाताला नक्षी काढायला वेळ उरत नाही. खाली जाड ढोल, वर कोरडा स्नेअर, बेसचे दोन-चार स्वर, आणि फार तर कुठल्याशा जुन्या रेकॉर्डवरून उचललेला कीबोर्डचा एक तुकडा. आठ किंवा सोळा आवर्तनांनी एखादा बारीक बदल, तोही घासणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळावे म्हणून. मधल्या पट्टीत शुकशुकाट हवा, कारण माणसाचा आवाज तिथेच राहतो आणि घासायचे आवाज बहुतेक माणसाचेच असतात. ‘आह’ आणि ‘फ्रेश’ हे दोन उद्गार जगात बहुधा सर्वांत जास्त घासले गेले. ते १९८२ सालच्या फॅब फाइव्ह फ्रेडीच्या ‘चेंज द बीट’ या रेकॉर्डच्या शेवटी यंत्रातून काढलेल्या आवाजात येतात. अख्खे गाणे कोणाला आठवत नाही. ते दोन उद्गार मात्र जगभरच्या पोरांनी चाळीस वर्षे घासघासून चकचकीत ठेवले आहेत.

हे दोनच का? कारण घासायला आवाज असा लागतो, की ज्याला सुरुवातीला धार आहे, मध्ये लांबण आहे आणि शेवट सुटा आहे. या कसोटीवर मराठी घरातले उद्गार अजून कोणी नीट तपासलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. ‘श्शी!’ घ्या. मागेपुढे दोन्हीकडून सारखीच सुंदर वाजते. ‘च्यायला’मध्ये धार आहे, लांबण आहे, आणि शेवटचा ‘ला’ फेडर मिटून कापता येतो. ‘अय्या’ मात्र गुळगुळीत आहे, हाताखालून सटकते. लोकलच्या डब्यातले ‘पुढील स्टेशन दादर’ हे तर आयतेच. तीन भाषांत, एकाच थंड आवाजात, दिवसभर, शिवाय ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणण्याची ताकद असलेले.

यातला सगळ्यात रोचक भाग गणिताचा आहे. लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. घासताना सुई उडते, शेजारच्या खाचेत पडते आणि डीजेचा ‘आह’ हरवून तिथे दुसरेच काहीतरी निघते. यावर हुशार लोकांनी तोड काढली. एकच आवाज दर फेऱ्याला त्याच कोनावर पुन्हा कोरायचा. सुई कुठल्याही खाचेत पडली तरी तिथे तोच आवाज हजर. ठेक्याच्या बाबतीतही तेच. मिनिटाला १३३⅓ ठोक्यांची लय धरली, की चार ठोक्यांचे आवर्तन बरोबर एका फेऱ्यात बसते आणि सुईने कितीही उड्या मारल्या तरी ताल चुकत नाही. हा हिशेब मराठी मापांना लावून पाहिला तर मजा येते. त्रिताल चार फेऱ्यांत पुरा होतो. सहा मात्रांच्या दादऱ्याचे एक आवर्तन एका फेऱ्यात घातले तर होडी संथ चालते, दोन आवर्तने घातली तर थेट कोळीवाड्यातली हळद. म्हणजे कोळीगीत ही सुई उडाली तरी न बिघडणारी चीज आहे. हळदीत नाचणाऱ्यांना हे गणिताशिवायच ठाऊक होते.

आणि सुई उडण्याची चिंता लालबागला जितकी, तितकी ब्राँक्सलाही नसेल. मिरवणुकीच्या ट्रॉलीवर टर्नटेबल ठेवून पाहा. चिंचपोकळीचा पूल, पेव्हर ब्लॉकचे उंचवटे, मेट्रोसाठी खणून बुजवलेली चारी, ट्रॉलीवर चढून ‘दादा, एक मिनिट’ म्हणणारे कार्यकर्ते. सुई पहिल्या शंभर फुटांत मंडळाच्या वर्गणीत जमा. म्हणून रस्त्यावरच्या ‘डीजे’कडे तबकडी नसतेच. पेन ड्राइव्ह असतो, लॅपटॉप असतो, स्पीकरची भिंत असते आणि स्क्रॅचचा आवाज असलाच तर एखाद्या बटणावर आयता भरून ठेवलेला. बटण दाबायचे आणि हात हवेत फिरवायचा. गर्दीला फरक कळत नाही. स्क्रॅचवाल्यांना कळतो आणि ते वर्षभर दुःखी राहतात.

या भागातला खरा बीट बनवणारा बेंजो पार्टीत सापडतो. बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळा तारांवर बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य केले. ते फिरत फिरत हिंदुस्थानात आले, बुलबुलतरंग झाले, मुंबईत त्याला वीज जोडली गेली आणि त्याचा बेंजो झाला. दादर-गिरगावात एके काळी गल्लोगल्ली टायपिंगचे क्लास होते. चाळिशीच्या स्पीडने ज्यांना कारकुनी मिळाली नाही, त्यांच्यासाठी त्याच जातीच्या कळांची ही दुसरी सोय म्हणायची. रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला. पण पार्टीचा मेंदू बेंजोवाला नसतो. मेंदू असतो मागे उभा असलेला ऑक्टापॅडवाला. रोलंड कंपनीने १९८५ साली आठ चौकोनी रबरी पॅडचे हे यंत्र बाजारात आणले. त्या आठ चौकोनांत आमचा माणूस ढोलकी, संबळ, टिमकी, ताशा, काचेची बाटली फुटणे, घोड्याचे खिंकाळणे आणि शंख एवढे सगळे कोंबतो. आठात जागा संपली की पॅच बदलतो. पार्ट्यांची नावेही अलीकडे वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स अशी झाली आहेत. बीट हा शब्द तरी ब्राँक्सहून सुखरूप येऊन पोचला.

अशा पार्टीच्या तालमीत स्क्रॅचसाठी जागा सोडण्याचा प्रयोग कधी कधी होतो, आणि तो पाहणे हे शिक्षण आहे. ऑक्टापॅडवाला मोबाइलवर कुठलेसे परदेशी बीट ऐकवतो आणि समजावतो, ‘इथे चार मात्रा कोणी वाजवायचं नाही, इथे घासायचा आवाज येईल.’ सगळे माना डोलावतात. पहिली फेरी सुरू होते. पहिल्या दोन मात्रा खरोखर रिकाम्या जातात. तिसरीवर ताशेवाल्याची काडी आपोआप पडते. तो म्हणतो, ‘दादा, हात राहिला नाय.’ दुसऱ्या फेरीत ताशेवाला स्वतःच्या मांडीवर काडी दाबून धरतो, तर कच्छी ढोलवाल्याला वाटते की हा विसरला, आपण सांभाळून घेऊ. तिसऱ्या फेरीत वाद्ये सगळी गप्प राहतात, पण बघायला आलेली पोरे शिट्ट्या मारतात. शेवटी बेंजोवाला समजुतीने विचारतो, ‘इतकी जागा आहे तर मी एक छोटा पीस टाकू का?’ आणि तिथे गाणे सुरू होते.

यात हट्टीपणा नाही, अर्थकारण आहे. सुपारी ठरते ती माणसे मोजून. देणारा मंडळाचा खजिनदार गर्दीत उभा राहून कोण वाजवतो आणि कोण नुसता उभा आहे हे पाहत असतो. चार मात्रा शांत उभा राहिलेला ताशेवाला कलेच्या दृष्टीने कितीही थोर असला, तरी हिशेबाच्या वेळी त्याचे नाव निघते. ब्राँक्सच्या बीटवाल्यावर हा प्रसंग कधी आला नाही. त्याचा ड्रमर यंत्रात राहतो आणि चहा मागत नाही.

शिवाय मिरवणुकीचा वेळ वेगळा. स्क्रॅचचे बीट तीन-चार मिनिटांत आटोपते. लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला सकाळी निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचतो. जेमतेम आठ-दहा किलोमीटरला वीसेक तास. २०२५ साली तर भरतीच्या पाण्याने विसर्जन दुसऱ्या दिवसाच्या रात्रीवर गेले. एवढ्या वेळात माणसाला मोकळी जागा नको असते, ‘नागिन’ हवी असते.

नागिनच्या निमित्ताने गिरगावच्या एका थोर बीटवाल्या घराण्याकडे वळणे भाग आहे. कल्याणजी आणि आनंदजी हे कच्छी भाऊ गिरगावात वाढले. वडिलांचे किराणा दुकान होते. असे सांगतात, की एका गिऱ्हाइकाची उधारी थकली, ती फेडायला त्याने पोरांना गाणे शिकवायचे कबूल केले, आणि त्या गिऱ्हाइकाला गाणे फारसे येत नव्हते. पुढे ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात जी पुंगी वाजली, तिच्यात पुंगी कुठेच नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या फ्रेंच वाद्यावर वाजवली होती. गेली सत्तर वर्षे महाराष्ट्रातले वऱ्हाडी रुमाल दातात धरून, गुडघ्यावर येऊन, डांबरी रस्त्यावर नवी पँट फाडत ज्या नागाला आवाहन करतात तो नाग पहिल्यापासून इलेक्ट्रॉनिक आहे. घरच्या म्हाताऱ्यांना हे सांगू नये.

त्याच भावांच्या संगीतावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियाच्या डॅन द ऑटोमेटरने हात मारला. जुन्या हाणामारीच्या चित्रपटांतले पार्श्वसंगीत घेतले, डीजे शॅडोने त्याला जास्तीचे ड्रम जोडले आणि ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाचा अल्बम निघाला. म्हणजे गिरगावात वाढलेल्यांच्या रेकॉर्डी मुंबईच्या पडद्यावरून निघून अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांच्या खोक्यांत जाऊन पडल्या. ब्लॅक आइड पीज या मंडळींनी २००५ साली ‘डॉन’ आणि ‘अपराध’मधली या भावांची गाणी उचलून एक गाणे केले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. उधारी वसूल झाली म्हणायला हरकत नाही, फक्त जमा दुसऱ्याच्या खात्यात.

ठेक्याला बनवणाऱ्याचे नाव मिळण्याचा मान मात्र आपल्याकडे अगोदरच दिला गेला होता. शंकर-जयकिशन यांच्याकडे तालवाद्यांची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर यांनी ढोलकवर जो चालीचा ठेका रूढ केला, त्याला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’च म्हणतात. ऑर्केस्ट्रात नुसते ‘दत्ताराम दे’ म्हटले की पुरते. ब्राँक्सवाले ज्या ड्रमच्या तुकड्यांवर जगतात, ते वाजवणाऱ्या बिचाऱ्यांपैकी कित्येकांना नाव सोडा, पैसेही मिळाले नाहीत.

आणि ‘चेंज द बीट’चे तेच १९८२ साल, इकडे मुंबईत. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि परळ-लालबागमधला मागांचा खडखडाट थांबला. त्याच वर्षी चित्रपटसंगीतात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मुंबईतच एचएमव्हीसाठी रोलंडची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. एक यंत्र ठेका धरणार, दुसरे बेस, तिसऱ्यावर भैरव, ललित, मेघमल्हार. रेकॉर्ड पडली. शिकागोवाल्यांनी जवळजवळ तसाच आवाज १९८७ साली काढला आणि त्याला अ‍ॅसिड हाउस असे नाव देऊन नवी चळवळ केली. मुंबईची तबकडी २०१०मध्ये एका डच माणसाने पुन्हा छापली, तेव्हा जगाला कळले की हे काम इथे आधीच उरकले होते. चरणजित सिंग २०१५ साली वारले, पण त्याआधी उतारवयात युरोपातल्या पोरांसमोर ती यंत्रे वाजवून आले. त्यांनी ठेक्यावर फार काही रचले नाही. ठोका आपला चालू आहे, वर राग हिंडतो आहे. कोणी ताशेवाला आसपास नव्हता, हे त्यांचे नशीब.

गिरण्या गेल्या आणि त्यांच्या आवारात क्लब आले. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ ते २०१६ ब्लूफ्रॉग होता. तिथे लोक तिकीट काढून, बाटलीतले पाणी विकत घेऊन, गप्प उभे राहून दुसऱ्याचे बीट ऐकत. अलीकडे चित्र आणखी बदलले. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने मराठी शब्द हाउस संगीतावर चढवले आणि ते परदेशी पोचले. हाउसचा ठेका आवर्तनाला चार ठोके सरळ मारतो, एकही सोडत नाही. तो मराठी माणसाला पटकन मानवला यात नवल नाही.

स्क्रॅचसाठी बीट बनवणारी पोरे मात्र अजून आहेत. पुनर्विकास झालेल्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर, जुन्या चाळीच्या ऋणानुबंधाने एकाच मजल्यावर आलेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारी झेलत, लॅपटॉपवर बसतात. एक ठोका लावतात, दोन काढतात. चोरबाजारातून आणलेल्या रेकॉर्डवरचा सतारीचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा घेतात आणि तोही शेवटी खोडतात. फाइलीला ‘फायनल’, ‘खरंच फायनल’, ‘आता बास’ अशी नावे देतात. बीट तयार होते. सुटसुटीत, हवेशीर, मधोमध हात फिरवायला ऐसपैस जागा. पण ते वाजवायचे कुठे? मग ओळखीने वरळीत कोणाच्या तरी हळदीला संधी मिळते. कंट्रोलर मांडला जातो, ठेका सुरू होतो, पोरगा घासायला हात उचलतो. मंडळी आठ आवर्तने सौजन्याने डोलतात. मग नवरदेवाचा मामा हातातला ग्लास सांभाळत टेबलाशी येतो, पोराच्या कानाशी वाकतो आणि आपुलकीने म्हणतो, ‘साऊंड चेक मस्त झाला, भाऊ. आता गाणं लाव.’